वॅक्स निवडण्यात गेलेला हिवाळा

आमच्या लाल गाडीचा रंग उन्हानं गेला, असं मी सगळ्यांना सांगतो. ऊन काही उत्तर द्यायला येत नाही, त्यामुळं ते खपून जातं. खरं तर तो रंग माझ्या अभ्यासानं गेला.

गाडी मूळची आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. सिल्लोडला शाळेत मास्तर होते, निवृत्त झाल्यावर हौसेनं घेतली. पुढं डोळे अधू झाले, तसे ते शहरात, मुकुंदवाडीला माझ्याकडं राहायला आले आणि किल्ली माझ्या हातात आली. आमच्या फाटकातून स्कूटर कशीबशी आत जाते. गाडी बारा महिने रस्त्याच्या कडेला, उघड्यावर. रोज तिच्यातूनच ऑफिसला जातो, आणि तिथंही ती उन्हातच उभी असते.

दिवाळी सरली आणि सिल्लोडहून चुलतभावाचा फोन आला. त्याच्या मुलाचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं. आबांनी फोनवरच जाहीर करून टाकलं, "नवरदेव माझ्या गाडीत बसंल. दुसरी बघायची नाय." फोन ठेवून माझ्याकडं वळले. "तिला पॉलिश लावून घे. ऊन तापायच्या आत. लाल रंग लई नाजूक."

"आबा, पॉलिश वेगळं, वॅक्स वेगळं," मी म्हणालो. "पॉलिश रंगाला घासतं, वॅक्स रंगावर बसतं. आपल्याला वॅक्स पाहिजे."

"व्हय का? मग ते लाव."

इथंच उठून दुकानात गेलो असतो तर! पण स्वस्तातलं आणि तरी सगळ्यात चांगलं आणायचं, हा माझा जुना आजार. मी व्हिडिओ बघायला बसलो. डबीतलं घट्ट वॅक्स ब्राझीलच्या कुठल्याशा ताडाच्या पानातून निघतं, चमक खोल देतं, पण उन्हात लवकर उतरतं. कारखान्यात बनवलेलं जास्त टिकतं, पण चमक म्हणे थंड. फवाऱ्याचं सोपं, पण पातळ. हे सगळं मी एका दाढीवाल्या परदेशी माणसाकडून शिकलो. तो स्वतःच्या गार गॅरेजात, दिव्यांच्या उजेडात उभा राहून, उघड्यावर गाडी ठेवणाऱ्यांना सल्ला देत होता.

बायको एकदा म्हणाली, "मला बघायला आला होतात, तेव्हा चहा संपायच्या आत होकार दिला होतात."

"तेव्हा आधी लोकांचे अभिप्राय वाचायची सोय नव्हती."

ती हसली नाही. त्या दिवशीची भाजीही बेताचीच झाली.

शहरातल्या छावणी भागात गाड्यांच्या सामानाचं एक दुकान आहे. तिथं जायचो, डब्या बाटल्या काढायला लावायचो, मागच्या लेबलांचे फोटो घ्यायचो आणि 'घरी बघून सांगतो' म्हणून निघायचो. शेवटी दुकानदार वैतागला. "साहब, लगाए तो कोई बी चलता. नै लगाए तो कोई बी नै चलता."

वाक्य मला इतकं आवडलं, की ऑफिसभर सांगत फिरलो. वॅक्स मात्र त्याही दिवशी घेतलं नाही.

सकाळी मी निघालो, की आबा फाटकात उभे असायचे. "लावलं का रं?"

"दोन राहिलेत, आबा. त्यातलं एक ठरवायचं."

"बरं." बस, एवढंच. आयुष्यभर पोरांना उत्तर सुचेपर्यंत थांबलेला माणूस, माझ्यासाठीही थांबला.

मार्च लागला आणि एका दुपारी मला गाडीचा टप गुलाबी दिसला. लाल नव्हे, गुलाबी, पडद्याच्या विटक्या कापडासारखा. घाबरून गेलो आणि हाताला लागली ती सगळ्यात स्वस्त बाटली घेऊन आलो. बाटलीवर लिहिलं होतं: गाडी स्वच्छ धुवा, सावलीत लावा.

आता धुवा म्हणजे कशानं? आमच्याकडं नळाला पाणी येतं ते आठ-आठ दिवसांनी. त्या दिवशी सगळी गल्ली पिंप, कळश्या, पातेली मांडून उभी असते. तेवढ्या डोळ्यांसमोर गाडीवर बादली ओतायची छाती माझी नाही. बोअरचं पाणी जड, वाळलं की पांढरे ठिपके. तेव्हा मी माझ्याच बुद्धीनं ठरवलं, की धुणं म्हणजे शेवटी धूळ काढणंच ना? कोरड्या फडक्यानं झटकली की झालं. आणि सावली काय, संध्याकाळी पडतेच. मला मात्र रविवारच्या दुपारीच उत्साह आला होता.

फडक्यानं निम्मी धूळ निघाली. उरलेली निम्मी मी वॅक्सबरोबर रंगात व्यवस्थित घासून बसवली. पत्रा तव्यासारखा तापला होता. वॅक्स लावता लावता वाळून पांढरं कडक झालं. निघेना, म्हणून जोर केला. ऊन कललं तेव्हा टपावर गोल गोल ओरखडे होते आणि मधेमधे पिठाचा हात पुसल्यासारखे पांढरे फराटे.

आबा आतून विचारत होते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया त्यांनी लग्न होईपर्यंत पुढं ढकलली होती. "झालं का?"

"झालं."

"चमकते का?"

"चमकते की, आबा."

मे महिन्यात आम्ही तिच्यातून सिल्लोडला गेलो. मांडवाजवळ गाडी लावली. चुलतभाऊ फुलांच्या माळावाल्याला घेऊन लगबगीनं आला, गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. आबांचा हात धरून म्हणाला, "काका, नवरदेवासाठी पोरांनी दुसरी गाडी सांगितली हो. वरची काच उघडणारी पाहिजे म्हणत्यात, फोटोला. तुमची मला घरच्या मोठ्या माणसांना न्यायला लागंल. भरवशाची तीच."

"असू दे, असू दे," आबा म्हणाले.

नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघायचा होता. पलीकडं दुसऱ्या गाडीला माळा बांधायला लागले. आबा हळूहळू आमच्या गाडीपाशी आले आणि टपावर तळहात फिरवला.

"लई धूळ बसली रं रस्त्याची. म्हणून नको म्हणाला तो." आहेरात मिळालेलं कोरं उपरणं त्यांनी खांद्यावरनं काढलं आणि टप पुसायला लागले. "निघत नाय नुसतं. पाणी आण जरा."

मी सांगायला पाहिजे होतं. मी मांडवातल्या पिण्याच्या पाण्याचा जग भरून आणला आणि टपावर ओतला.

पाणी पसरलं आणि त्याखालून लाल रंग वर आला. गडद, ओला, गाडी घरी आणली त्या दिवशीचा. आबांच्या त्या धूसर डोळ्यांनासुद्धा तो दिसला.

"बघ! म्हटलं ना, धूळच होती." त्यांचा चेहरा फुलला. "जा, बोलाव त्याला. अजून माळा बांधायच्यात, वेळ आहे."

काठाकडून टप वाळायला लागला होता. पांढरेपणा आत सरकत येत होता.

"बोलावतो," मी म्हणालो, आणि जग भरायला पळालो.