सिंहमुखी टेकू

वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या निरीक्षकांना गल्लीत सगळे 'पासंग' म्हणत. अर्थात पाठीमागे. चौतीस वर्षं त्यांनी दुकानदारांच्या तराजूतला पासंग, म्हणजे पारड्यांतला चोरटा फरक, शोधला होता. घरी बसले तरी हाताची खोड गेली नाही. भोपळा घेतला की तळहातावर तोलायचे. शेजारणीने नातवंड मांडीवर दिलं, तर आधी म्हणायचे, "साडेचार किलो." मग, "गोड आहे हो."

त्यांची बायको घरी शिवणकाम करायची. फरशीवर बसून हातमशीन चालवता चालवता तिचे गुडघे कामातून गेले. तिला एकच गोष्ट हवी होती. खिडकीशी भिंतीला एक फळी, फळीवर मशीन, समोर खुर्ची. ते जमलं नाही तर शिवण कायमची बंद.

"फळी काय, उद्या होईल," पासंग म्हणाले. "पण खालचे टेकू नीट बघून घ्यावे लागतील."

"मजबूत घ्या म्हणजे झालं."

"मजबूत तर गाढवही असतं. दिसायला नको?"

बघण्यात तीन महिने गेले. पानाफुलांचे टेकू त्यांना लग्नाच्या पत्रिकेसारखे वाटले. हंसाची मान आखूड निघाली. शेवटी सिंहाची मुंडकी ठरली. मग पेच पडला, तोंड उघडं की मिटलेलं? उघड्या तोंडात धूळ साचते. मिटलेल्या तोंडाचा सिंह पेन्शनर दिसतो. दुकानदार उंचावर टांगलेले नमुने काठीने दाखवायचा आणि म्हणायचा, "साहेब, नजर आहे तुम्हाला!" जन्मभर दुकानदारांचं गोड बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडणारा माणूस लोण्यासारखा वितळला. काठीच्या टोकाकडे बघत त्यांनी उघड्या तोंडाचा सिंह पसंत केला. हातात काही घेतला नाही.

खोका घरी आला. बायकोने दोन्ही सिंह एका हातात उचलून आत आणले. दुसऱ्या हातात चहाचा कप होता.

"अहो, हलके लागतात हे."

"नवीन पद्धतीचे आहेत."

सुतार आला. त्याची एक रीत होती. बसवलेल्या प्रत्येक टेकूला तो स्वतः लटकायचा आणि मगच हत्यारं पिशवीत भरायचा. आज त्याने टेकू बसवले, सिंहाच्या कपाळावर टिचकी मारली आणि सरळ पिशवी भरायला घेतली.

"अरे, लटकायचं राहिलं," पासंग म्हणाले.

"साहेब, मला दोन लेकरं आहेत. थर्माकोल आहे हा. वरून रंगाचा जाड हात. किती वजन पेलतो, विचारलं होतं का?"

पासंगांनी सगळं विचारलं होतं. आयाळीचे वळसे किती, तेसुद्धा.

बायको सकाळपासून खुर्ची ओढून बसली होती. "मग तुम्ही लटका," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमची निवड आहे."

आता माघार घेणं म्हणजे नाक कापून घेणं. पासंगांनी बाह्या सरसावल्या, सिंहाच्या जबड्यात बोटं घातली आणि पाय उचलले. दुसऱ्या क्षणी ते फरशीवर बसले होते. मुंडकं त्यांच्या हातात होतं. सवयीने त्यांनी ते तळहातावर तोललं.

"किती भरलं?" बायकोने विचारलं.

"शंभर ग्रॅमसुद्धा नाही."

"पासंगालाही पुरायचं नाही," सुतार बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी बायको स्वतः सुताराला घेऊन बाजारात गेली. दहा मिनिटांत दोन काळे लोखंडी अँगल आणले. सुतार त्यांना लटकला. वर दोन झोकेही घेतले. संध्याकाळी मशीन फळीवर चढली आणि ती खुर्चीत बसून शिवायला लागली.

सिंहाचं मुंडकं मशीनशेजारी असतं. थर्माकोल टाचण्या छान धरतो. कुणा गिऱ्हाइकाने कौतुकाने त्याच्याकडे बघितलं, की पेपरामागून आवाज येतो, "निवडायला तीन महिने लागले."

बायको ओठांतली टाचणी काढते आणि सिंहाच्या नाकात खुपसते.