खिडकीपायी अडलेली सही

संसदेच्या तळमजल्यावर, आवक विभागात, वहिनींचं टेबल. त्यांना सख्खा दीर एकच, पण वहिनी म्हणते अख्खी इमारत. हा दीर पूर्वी वार्ताहर म्हणून इथे घिरट्या घालायचा, दारातूनच "वहिनीऽ" अशी हाक मारायचा. दीर पुढे निवडून येऊन सदस्य झाला, हाक मात्र इमारतीला चिकटली ती चिकटलीच.

अठ्ठावीस वर्षं वहिनींचं काम एकच. निवडणुका झाल्या की कोण कोणाबरोबर बसणार, त्याचे कागद घ्यायचे. गट म्हणून मान्यता हवी तर निदान पंधरा सदस्य लागतात. प्रत्येकाने स्वतःच्या हाताने सही करायची आणि एका वेळी एकाच गटात राहायचं. पंधरा भरले की बोलायला वेळ, समित्यांत जागा, बसायला खोली. चौदाच भरले तर मागच्या रांगेत बसून दुसऱ्यांची भाषणं ऐका!

त्या दिवशी पाच वाजता मुदत संपणार होती. तीनच्या सुमाराला दीर धापा टाकत आला.

"घ्या वहिनी, मोजून घ्या. पंधरा!"

"न मोजता मी कधी काही घेतलंय का, भाऊजी?"

शपथेच्या दिवशीचं सह्यांचं रजिस्टर शेजारी उघडून वहिनींचं बोट एकेका सहीवरून सरकत गेलं आणि पंधराव्यावर थांबलं. त्यांनी निळी फाईल ओढली. पहिल्या दिवशी प्रत्येक सदस्याने भरलेले बसण्याच्या जागेचे फॉर्म त्यात होते.

"पंधरावी सही त्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंची. त्यांनी इथे काय लिहिलंय बघा. 'अपक्ष म्हणून बसेन, कोणत्याही गटात नाही.' खाली सही."

दिराने कपाळावर हात मारला. "अहो, त्यांना खिडकी हवी होती! अपक्षांच्या खोलीला खिडकी आहे, म्हणून भरला फॉर्म. मनाने त्या आमच्याच आहेत."

"मनाची नोंद माझ्याकडे होत नाही."

दिराने दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "वहिनी, एवढ्या मोठ्या फाईलमधून एखादा कागद निसटला तर कोणाला कळणार आहे?"

वहिनींनी पेनाला टोपण लावलं. "मीठ कमी पडलं तर तुम्ही ताटावर बसून भाषण देता. आणि माझ्या फाईलमध्ये कागद कमी पडला तर चालेल?"

"आमची चौदा माणसं बुडतील हो."

"मत मीही तुम्हालाच दिलंय, बुडवायला नाही. बाईंना आणा. त्यांनी स्वतः लिहून फॉर्म मागे घेतला की झालं. पाचच्या आत."

सव्वाचारला बाई आल्या. चष्मा दोरीला, पिशवी काखेला.

"गटाला खोली कुठली मिळणार?"

"तळघरातली," दीर पुटपुटला.

"मग राहू दे. चाळीस वर्षं शिकवलं, बिनखिडकीच्या वर्गात पाय ठेवला नाही. आता या वयात कुठे घुसू?"

"बाई, अहो, देशाचा प्रश्न आहे!"

"देशाला उजेड नको का?"

घड्याळ साडेचारकडे सरकलं. वहिनींनी शांतपणे नियमांचं पुस्तक उघडलं. "गटनेत्याला वेगळी केबिन मिळते. दुसरा मजला. बागेकडे खिडकी."

दिराचं तोंड उतरलं. गटनेता तोच होणार होता, त्या केबिनसाठी त्याने नावाची पाटीसुद्धा सांगून ठेवली होती. "वहिनी, तुम्ही घरच्या ना?"

"मी फक्त नियम वाचला."

बाईंनी पिशवीतून कोरा कागद काढून दिरापुढे सरकवला. "केबिन मला दिली, असं लिहा. अक्षर सुवाच्य."

दिराने लिहिलं. बाईंनी ते दोनदा वाचलं, एक वेलांटी सुधारली आणि मग फॉर्म मागे घेतल्याचं लिहून दिलं. वहिनींनी यादीवरची, अपक्ष असताना केलेली जुनी सही खोडायला लावली, शेजारी नवी करून घेतली, वेळ घातली. चार वाजून अठ्ठेचाळीस. शिक्का बसला, पोचपावती दिराच्या हातात पडली.

आठवड्याने मान्यतेचं पत्र निघालं. बाई दुसऱ्या मजल्यावर बागेकडे तोंड करून बसल्या. गटनेते तळघरात, दिवसाही दिवा लावून.

रविवारी दीर जेवायला आला. भाजीत मीठ कमी होतं. दादाने, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याने, धाकट्याकडे बघितलं, आता भाषण येणार म्हणून. दिराने वहिनींकडे एकदा पाहिलं, घास घेतला आणि गुपचूप जेवला.