बिघडवायला गेलेला हात

धाकट्याचं कौतुक कुणी केलं, की थोरल्या सुताराच्या पोटात रंधा फिरायला लागायचा. दोघं एकाच बापाच्या हाताखाली शिकलेले, एकाच छपराखाली राबणारे. पण लोक म्हणणार, "धाकट्याच्या हातात जादू आहे हो." मग माझ्या हातात काय खरूज आहे? हे त्याने एकदा बायकोलाच विचारलं. ती म्हणाली, "हातात नाही, डोक्यात आहे."

त्यात डॉक्टरीणबाईंनी नवं घर बांधलं. पुढच्या दाराचं एकेक कवाड दोघा भावांना दिलं. ज्याचं कवाड सरस, त्याला अख्ख्या घराचं काम.

दुपारी धाकटा जेवायला गेला, तसा थोरला त्याच्या कवाडाशी जाऊन बसला. खालच्या कोपऱ्यातला सांधा अजून ठोकायचा होता. सांध्याचं भोक अंमळ घट्टच राहिलं होतं. पटाशीने जरा जास्त खाल्लं की सांधा ढिला, संध्याकाळी बाई बघायला येईपर्यंत कवाड हलायला लागणार. ठरवलं म्हणजे ठरवलं.

पटाशी टेकवली आणि जीभ आपोआप 'टक्' वाजली. बाप लाकडाला हत्यार लावण्याआधी असंच करायचा. धाकटाही करतो. मग हात जो चालला, तो चाललाच. दोन बारीक ढलप्या निघाल्या. जोड बसवून पाहिला, काढला, आणखी एक ढलपी. शेवटी सांधा असा बसला, की मधून कागद जाईना.

थोरल्याने पटाशी खाली ठेवली. असलं काम त्याच्या स्वतःच्या कवाडातसुद्धा नव्हतं. ठरवलं मी, मग हे केलं कुणी?

संध्याकाळी बाई आल्या. बोट फिरवत नेमक्या त्याच कोपऱ्याशी थांबल्या. "हा सांधा बघा! काम धाकट्यालाच."

थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्याच सांध्याने माझंच नाक कापलं! पण बोलणार कुठल्या तोंडाने?

बाई गेल्यावर धाकटा हळूच म्हणाला, "दादा, तो सांधा माझा नाही. जेवून आलो तर झालेला होता."

"मग बाईंना का नाही सांगितलंस?"

"म्हटलं, तू केला असशील तर तूच सांगशील."

"मी कुठं केला? मी तर बिघडवायला गेलो होतो!"

धाकट्याने वाकून सांधा पुन्हा पाहिला. "मग केला कुणी?"

थोरल्याने आपला उजवा हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा पुढे धरला. "ह्याने. उद्यापासून ह्यालाच ने कामाला. मी बसतो घरी."