बारा ते चार, पंखा एकवर

माझ्या बाबांनी चाळीस वर्षं बालाघाटात पंख्यांचं वाइंडिंग केलं. दुकान म्हणजे एक शटर, एक स्टूल आणि तांब्याच्या तारेची रिळं. लालबर्रा, किरनापूरहून लोक जळके पंखे मोटारसायकलला बांधून आणायचे. पंखा टेबलावर ठेवून प्लग लावला की बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि सांगायचे, "बेरिंग गेली," नाही तर "कंडेन्सर बदला". चुकायचे नाहीत. अशा माणसाच्या डोक्यावरचा पंखा मी नागपुरात बसून फोनवरून चालवायला घेतला. अक्कल माझीच होती, त्यामुळे बोल लावायला दुसरं कुणी नाही.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजायचं सगळं, डावा हात थोडाफार उचलायचा, पण शब्द एकही नाही. मी त्यांची एकुलती एक मुलगी. नागपूरला त्यांना आणावं म्हटलं तर आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आई तर म्हणाली, "आपलं घर सोडून मी कोठीच येत नाही." मग माझ्यासारखी माणसं जे करतात ते मी केलं. स्वतः जायचं सोडून वस्तू पाठवायला लागले. वरखाली होणारी कॉट पाठवली, हवेची गादी पाठवली.

जानेवारीत बाबांच्या छातीत कफ भरला. डॉक्टरांनी बजावलं, हवा सरळ छातीवर नको, कूलर तर नकोच. पण पंखा बंद केला की बाबांना घाम यायचा, चालू केला की खोकला. रेग्युलेटर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कपाटाच्या मागे. गुडघे धरून बसणारी माझी आई दिवसातून वीस वेळा उठून तिथे जायची आणि फोनवर मला सांगायची की आता नाही होत. मला ते ऐकवेना. एका शनिवारी मी वायरिंगचा माणूस घेऊन बालाघाटला गेले आणि पंख्याचा वेग फोनवरून ठरवणारं यंत्र बोर्डात बसवून घेतलं. बोलून हुकूम देता येईल असा डबाही मिळत होता, पण ज्यानं हुकूम द्यायचा त्याची वाचाच गेलेली.

त्या माणसानं जुना रेग्युलेटर काढला आणि भोकावर पांढरी कोरी पट्टी बसवली. आता भिंतीवर फक्त चालू आणि बंद. कमी-जास्त करायचं तर माझ्या फोनमध्ये. आईकडे बटणांचा साधा फोन, त्यात हे असलं काही चालणार नव्हतं. बाबा कॉटवरून बघत होते. पट्टी बसली तेव्हा डावा हात उचलून घशातून काहीतरी आवाज काढला. मला वाटलं, दुसऱ्याच्या कामात खोड काढतायत, जित्याची खोड आहे. मी हसून म्हटलं, "बाबा, आता तुमचं वाइंडिंग बंद, माझं सुरू." त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

त्या यंत्रात एक सोय होती. वेळ सांगून ठेवली की पंखा रोज त्या वेळी आपोआप कमी-जास्त व्हायचा. दुपारी बारानंतर आई बाबांचं अंग पुसायची, मग ते उघड्या छातीनं झोपायचे. म्हणून मी लावून ठेवलं, बारा ते चार वेग एकवर, चार वाजल्यावर पुन्हा वेग चारवर. फेब्रुवारी होता, ते बरोबरच होतं. बाबांचा खोकला कमी झाला. मी ऑफिसात सगळ्यांना फोन उघडून दाखवला, बघा, बालाघाटचा पंखा! नुसती मिरवत होते.

मार्चमध्ये एकदा दुपारी मी मीटिंगमध्ये असताना आईचे लागोपाठ तीन फोन आले. घाबरून बाहेर आले तर ती म्हणते, "पंखा जरा वाढव न बाई, यायले उकडून राह्यलं." माझं डोकं फिरलं. मी कॉरिडॉरमध्ये उभं राहून तिच्यावर ओरडले. डॉक्टरनं काय सांगितलं ते विसरली काय, पंख्याचं मी पाहीन, तू त्याले हात लावू नको आणि ऑफिसात फोन करू नको. आईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हौ बाई." मी मीटिंगमध्ये परत गेले. पंखा वाढवायचा राहूनच गेला.

आमच्या आईचा हौ म्हणजे दगडावरची रेघ. नवऱ्यानं सांगितलं करंट आहे, हात लावू नको, तर ती चाळीस वर्षं घरातल्या साध्या प्लगला भीत आली. ज्याचं काम त्यानं करावं, आपण मधे पडू नये, हा तिचा धर्म.

एप्रिल गेला, मे आला. मी सकाळी नऊ वाजता ऑफिसला निघताना फोन बघायचे, पंखा चारवर. संध्याकाळी सातला घरी आल्यावर बघायचे, पंखा चारवर. मग आईला फोन लावायचे. बाबा जेवले का? हौ. गरमी खूप आहे का? "मे महिना हाये, गर्मी तं राहीनच." मी समाधानानं फोन ठेवायचे. बारा ते चारचं मी लावलेलं डोक्यातून साफ गेलं होतं.

मे संपता संपता एका दुपारी बाबा गेले. डॉक्टर म्हणाले हृदय थकलं होतं, वय होतं, या आजारात असं होतं. मी ते मान्य केलं.

नंतरचे दिवस आल्यागेल्यांसोबत दुपारी मी अंगणातच बसायचे. बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला खैरलांजीहून आत्या आली, किरनापूरकडचे नातेवाईक आले. सकाळी बुद्धवंदना झाली, बाबांच्या फोटोला फुलं वाहिली. सगळे त्याच खोलीत सतरंजीवर बसले होते. लाइट होती, पंखा बरा चालला होता. मी आईच्या शेजारी भिंतीला टेकून बसले होते. आणि बसल्या बसल्या वरचा आवाज उतरला. पाती मोजता येतील इतका पंखा मंद झाला.

"व्होल्टेज गेला काय वं?" आत्यानं विचारलं.

"नाही," आई म्हणाली. "बारा वाजले का असाच होते तो. चार वाजेपर्यंत असाच राह्यते. पोरीनं तसा लावून ठेवला हाये."

मी हळूच विचारलं, "आई, रोज असा होत होता?"

"हौ, रोज. उन्हाळाभर."

"मग बाबा?"

"घामानं पुरे भिजून जात. मी टॉवेल ओला करून पुसो, पेपरानं हवा करो. ते डावा हात वर करून पाची बोटं दाखवत. मले समजे न, पाचवर कर म्हणून राह्यले. मी म्हणो, डॉक्टरची मनाई हाये, पोरगी तिकडून पाहून राह्यली, तिले समजते. मग हात खाली ठेवत."

माळ्यावर बाबांनी स्वतः वाइंडिंग केलेले दोन टेबलफॅन होते. तेही तिनं काढले नव्हते. हवा नको म्हणजे कुठलीच हवा नको.

"मले सांगितलं काहून नाही?"

"ऑफिसात फोन करू नको म्हणलं होतं न तू. आन् संध्याकाळी तुहा फोन ये तं पंखा बराबर राह्ये. मग काय सांगू?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. मी स्वतःच्या मनातही त्या दुपारी मोजायला धजले नाही. आयुष्यभर लोकांना हवा देणारा माणूस माझ्या हुकमानं पंख्याखाली उकडत पडला होता.

"पंखा वाढव न वं कोणी, जीव घाबरून राह्यला," आत्या म्हणाली.

मी फोन काढला. पाचवर बोट ठेवलं. पंख्यानं वेग घेतला, फोटोपुढची फुलं हलली, बसलेल्या बायकांनी हुश्श करत पदर सैल केले. आई मान वर करून कितीतरी वेळ पंख्याकडे बघत राहिली.

"एवढंच होतं काय?" तिनं विचारलं.

मग ती माझ्याकडे वळली. तिचा चेहरा असा घाबरलेला मी बाबा गेले त्या दिवशीही पाहिला नव्हता. "पण डॉक्टरनं सांगितलं होतं न, गर्मीतही एकवरच ठेवाचा म्हणून? तूनं विचारलं होतं न?"

डॉक्टर थंडीत बोलले होते. उन्हाळ्याचं मी कुणालाच विचारलं नव्हतं.

"हौ," मी म्हणाले. "विचारलं होतं."

आईनं डोळे पुसले आणि आत्याकडे वळून म्हणाली, "पाहा, म्हणलं होतं न मी. पोरीनं आपल्या मनानं काहीच नाही केलं. सारं डॉक्टरले विचारून केलं."