ताईने बांधलेले टोमॅटो

माझी थोरली बहीण सासरहून परत आली तेव्हा आम्ही मुलुंडला बैठ्या चाळीत राहायचो. सत्तर-एकाहत्तरचा हिवाळा असेल. "मारतात गं," एवढंच ती आईला म्हणाली. बाबा गिरणीतून आले, ऐकलं, आणि कपडे न बदलता तसेच बसून राहिले. "राहू दे चार दिवस," म्हणाले. पुढे काय, ते कुणी विचारलं नाही.

खोलीमागे मोरीच्या पाण्यावर पोसलेला मातीचा पट्टा होता. आईने लावलेले टोमॅटो तिथे वाढून जमिनीवर लोळत होते. ताईने ते ताब्यात घेतले. डोंगरातून मोळी आणणाऱ्या बाईकडून तिने कारवीच्या काठ्या घेतल्या आणि प्रत्येक रोपाशेजारी एकेक ठोकली. मी सुतळी दिली तर म्हणाली, "नको, खोड कापतं तिने." मग आईचं विटलेलं लुगडं फाडून पट्ट्या केल्या. पट्टी आधी काठीला आवळायची, मग इंग्रजी आठासारखा पीळ देऊन रोपाभोवती सैल घ्यायची.

"बोट जाईल एवढी जागा ठेव. अजून जाड व्हायचंय त्याला."

नळावर बायका विचारायच्या, किती दिवस आहेस? म्हणून ती नळावर जाईनाशी झाली. पाणी मी भरायचे, ती मागे मातीत बसून असायची. फुलं आली, हिरवी फळं धरली. एकदा जेवताना ती मोठ्याने हसलीसुद्धा.

मग एका दुपारी एका रोपाने मान टाकली. पानं हिरवीगार, पण लोंबलेली. पाणी घातलं, संध्याकाळी जरा सावरलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग शेजारचं, मग त्याच्या पलीकडचं. बाबांनी एक खोड चिरून पाहिलं. आत तपकिरी झालं होतं.

"मर रोग आहे. गावाला आमची वांगी अशीच गेली. मातीतच असतो तो. उपटून टाक सगळी."

ताईने उपटली नाहीत. जिथे रोप वाकेल तिथे आणखी वर नवी पट्टी बांधत राहिली. "बांधलंय म्हणून उभं दिसतंय, बाय," आई म्हणाली.

त्या रविवारी तिचे सासरे आले. चहा झाल्यावर माझ्याकडे बघत बाबांना म्हणाले, "हिचंही लग्न करायचंय ना तुम्हाला? थोरली घरी बसली तर लोक विचारणारच." बाबा कपातल्या उरलेल्या चहाकडे बघत राहिले.

आईने मला ताईला बोलवायला मागे पाठवलं.

"बाबा काय म्हणाले?" तिने विचारलं.

"काहीच नाही."

ती उठली, हात धुतले, लुगडं बदललं. दारात मी तिचा हात धरला. "जाऊ नको ना गं."

"मग कुठे जाऊ, सांग."

मी हात सोडला.

ती गेल्यावर आईने वाळलेली रोपं काठ्यांसकट उपटली आणि चुलीत घातली. त्या मातीत पुन्हा कुणी काही लावलं नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा ताई दोन दिवस आधी आली. मला हळद लावताना तिचा डावा हात कोपरात सरळ होत नव्हता. मावशीने विचारलं, काय झालं गं? ताई म्हणाली, "मोरीत पाय घसरला." मावशीने मान हलवली आणि हळदीची वाटी पुढे सरकवली.