नळाला घातलेले गाऱ्हाणे

गळक्या नळाखाली ठेवलेले भांडे कधी भरते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. थेंब पडत राहतो, आपण दुर्लक्ष करीत राहतो, आणि एके दिवशी न्हाणीत पाय ठेवावा तो पाणी घोट्याला लागते! आमच्या भजनी मंडळातील किश्श्यांचे तसेच झाले. पूर्वी भजन आटोपून प्रसादाचे खोबरे हातावर पडले की कोणी एखाद्या अभंगाचा अर्थ विचारीत असे आणि मी माझ्या अल्प मतीप्रमाणे तो सांगत असे. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी धामापूरच्या वाटेवरील आमच्या वाडीत नळयोजना आली आणि अभंगांचे अर्थ मागे पडले. जो तो एकच विचारू लागला, "बुवानू, तुमच्या नळाक पाणी इला?"

परमेश्वर चराचरात भरलेला आहे पण दिसत नाही, असे मी इतकी वर्षे पेटीवर बोटे ठेवून सांगत आलो. पाईपात भरलेले पाणीही दिसत नाही आणि त्याच्या मनात काय आहे तेही कळत नाही, हे ज्ञान मला उतारवयात झाले!

आमच्या या नळपुराणात मुख्य माणसे तीन. पहिला आबा, मंडळाचा पखवाजी. त्याचे घर आमच्या घराच्या खालच्या अंगाला. दुसरा पास्कू, आमचा ख्रिस्ती शेजारी; रविवारी चर्चला जाई आणि गुरुवारी आमच्या पंचखाद्याला येई. तो तरुणपणी बोटीवर खलाशी होता. बोटीत पाईप असतात, म्हणून पास्कूला पाईपांतले कळते, असे साऱ्या वाडीने ठरवून टाकले. पास्कूनेही ते नाकारले नाही! आणि तिसरी माझी पत्नी. तिला सगळे माई म्हणत, मीही माईच म्हणे.

* * *

पाणी सुटणार त्या दिवशी सारे मंडळ आमच्या पडवीत जमले होते. पास्कूने पितळी तोटी फिरवली. पाणी आले नाही. नुसता सूंऽऽ असा आवाज आला.

आबाने तोटीला कान लावला आणि तो दचकून मागे सरला. "बुवानू, आत कोणतरी सुस्कारे टाकता!"

"वारो असतलो," पास्कू म्हणाला. "ह्या काय? बोटीवर ह्याच्यापेक्षा मोठे पायप होते!"

वारा पाईपात कसा शिरला, शिरला तर निघत का नाही, हे त्याला सांगता येईना. अखेर आबाने मार्ग काढला. आमच्याकडे काही अडले की गाऱ्हाणे घालतात. एकाने देवासमोर उभे राहून मोठ्याने मागणे मागायचे आणि इतरांनी प्रत्येक मागणीला हात जोडून होकार भरायचा. आबाने नळासमोर नारळ ठेवला आणि खड्या आवाजात सुरुवात केली.

"बा देवा महाराजा! आज बुवांच्या दारात नळ उभो ऱ्हवलो आसा!"

"व्हय महाराजा!" आम्ही म्हणालो.

"पायपाच्या वाटेत कोण आडो इलो असात, तर तेका बाजूक कर!"

"व्हय महाराजा!"

"आणि बुवांच्या घराक पाणी कमी पडूक देव नको!"

"व्हय महाराजा!"

तरीही सूंऽऽ. खिन्न मनाने आम्ही देवळात आरतीला गेलो. माई लेकीकडे गेली होती. परत येऊन पाहतो तो पडवी, माजघर, स्वयंपाकघर, सर्वत्र मातकट लाल पाणी, आणि देवघराच्या उंबऱ्याशी माझी खडाव होडीसारखी फिरत होती! तोटी उघडी ठेवून जाऊ नये, हे आमच्यापैकी कोणालाच सुचले नव्हते.

आबा पाण्यात उभा राहून कृतार्थ मुद्रेने म्हणाला, "बुवानू, गाऱ्हाणा पोचला! ‘बंद हो’ म्हणान सांगूचा तेवढा ऱ्हवला!"

* * *

पुढे एका गुरुवारी आमच्या माजघरात भजन रंगात आले होते. इतक्यात भिंतीतून आवाज आला, धाड्, धाड्, धाड्! आबाने पखवाज थांबवला.

"कोण तो? माझ्याआधी समेवर कोण इलो?"

आम्ही भिंतीकडे पाहत राहिलो. माईने स्वयंपाकघरात तोटी झटक्याने बंद केली होती एवढेच. तोटी तिथे फिरवावी आणि माजघरातल्या पाईपाने भिंत बडवावी, याचा संबंध मला आजतागायत उलगडलेला नाही. माईने तोटी पुन्हा उघडून पुन्हा झटक्याने मिटली. पुन्हा धाड्, धाड्, धाड्!

आबा हिरमुसला. "माका काढा बुवानू, आणि तेकाच ठेवा. तेका बिदागी नको, च्याय नको!"

पास्कूने पाईप आणि भिंत यांच्या फटीत नारळाचा काथ्या ठासून भरला आणि माईला तोटी हळूहळू मिटायला सांगितले. आवाज थांबला. का थांबला, असे विचारता पास्कू म्हणाला, "बोटीवर असाच करीत." बोटीवर का करीत, ते बोटीलाच ठाऊक!

पुढच्या गुरुवारी आबाने पखवाज लावण्याआधी पाईपावर बोटाने टकटक केले, क्षणभर वाट पाहिली आणि मान हलवली. "रियाज सोडल्यान वाटता!"

* * *

आता जे सांगतो, त्यात मात्र हसण्यासारखे थोडे आणि काळजीचे अधिक आहे.

आमच्या देवघरातील पूजेचे पाणी माई रोज पहाटे सोवळ्याने विहिरीवरून आणीत असे. विहीर घराच्या मागे, खालच्या अंगाला. उतरायच्या पायऱ्या चिऱ्याच्या, त्यावर शेवाळ. आदल्या पावसाळ्यात ती त्या पायऱ्यांवर घसरली आणि गुडघा दुखावला तो कायमचा. मालवणच्या डॉक्टरांनी बजावले, "ह्यांना विहिरीवर पाठवू नका. पुन्हा पडल्या तर चालणे विसरा." आम्ही नळ घेतला तो त्या गुडघ्यासाठी. मला पाणी वाहायला मणक्याच्या दुखण्याने मनाई होती.

नळ गळू लागला म्हणून पास्कूने तोटी उघडली. आतून एक काळपट चकती बाहेर पडली.

"ह्या काय रे?" मी विचारले.

"वायसर. झिजलो, म्हणान पाणी गळता."

"कशाचा असतो हा?"

"चामड्याचो."

मला घाम फुटला. ज्या पाण्याने मी शाळिग्रामाला स्नान घालीत होतो, ते चामड्याला शिवून येत होते! मालवणच्या बाजारात चौकशी केली, तर तिथेही चामड्याचेच वायसर. मी निर्णय दिला : स्वयंपाकाला नळ, देवाला विहीर. माईने खुंटीवरची दोरी काढली, कळशी उचलली आणि भिंतीला धरून पायऱ्या उतरू लागली.

तिचे ते उतरणे पास्कूला पाहवले नाही. दुसऱ्या दिवशी तो धावत आला. "बुवा, चामड्याचो काढून टाकलंय. रबराचो घातलंय!"

मी विचार केला. रबर म्हणजे झाडाचा चीक. वनस्पती सात्त्विक, देवाला चालण्यास हरकत नसावी. तसे मी जाहीर केले. माईने कळशी खाली ठेवली. तिच्या तोंडावर हसू दिसले.

"चांगलो रबर मिळालो काय रे?" मी सहज विचारले.

"बाजारात खंय मिळता? माझ्या चपलाचो कापलंय! उजव्या पायाचो. तो कमी झिजलेलो!"

माईने कळशी पुन्हा उचलली.

* * *

आमचे घर उंचावर. खाली आबाने नळ उघडला की आमचा नळ मूग गिळून बसे; आबाने बंद केला की आमच्याकडे धार लागे. पाणी एकच, पाईप एकच, मग एकाला प्रसाद आणि दुसऱ्याला उपवास का, हे कोडे सुटेना. आबानेच तोड काढली. त्याचे पाणी भरून झाले की तो शंख फुंकू लागला. शंख ऐकला की माईने बादल्या मांडायच्या!

व्यवस्था उत्तम चालली. मग एकादशी आली. देवळात आरती उभी राहिली आणि आबाने रिवाजाप्रमाणे शंख फुंकला. त्याबरोबर आबाचीच बायको बायकांच्या रांगेतून ओरडली, "माई, धाव गो! आमचा झाला!" आणि माई, तो दुखरा गुडघा घेऊन, हातातले निरांजन तसेच घेऊन निघाली! वाडीच्या वरच्या अंगाच्या साऱ्या बायका तिच्यामागे. देवासमोर आम्ही पाचसहा पुरुष आणि पुजारी.

पुजारी म्हणाला, "बुवानू, आरती म्हणूची काय धार बंद होयपर्यंत थांबूचा?"

तेव्हा मी घराच्या माळ्यावर टाकी बसवून घेतली, म्हणजे शंखावाचून पाणी साठावे. पास्कूनेच बसवली. टाकी भरली की आत तरंगणारा गोळा वर येतो आणि पाणी आपोआप बंद करतो, असे त्याने सांगितले. गोळा वर येई, पण पाणी काही बंद होत नसे. जादा पाणी पाईपाने बाहेर पडू लागले.

"गोळो अडकता," पास्कू म्हणाला. "बोटीवर असा कधी होत नसा."

मी त्याला निक्षून बजावले, "कर काय ते. पण पाण्याचा एक थेंब वाया जाता कामा नये. पाणी वाया घालवणे म्हणजे पाप!"

"बरा," पास्कू म्हणाला, आणि पाईपाचे भेंडोळे खांद्यावर टाकून घरामागे गेला.

* * *

त्या वैशाखात नवल घडले. वाडीतल्या एकेका विहिरीने तळ दाखवला आणि आमच्या विहिरीचे पाणी चढू लागले! आज एक चिरा बुडाला, चार दिवसांनी दुसरा. मी भारावून गेलो. नळाचे पाणी नाकारून मी देवाला विहिरीचेच पाणी घातले, त्याची ही पोचपावती, असे मी मंडळात सांगितले. सर्वांनी माना डोलावल्या. यापुढे माझ्या घरात देवाला याच विहिरीचे पाणी, असा मी संकल्पच सोडला.

माईला विचारले, "नवल नव्हे काय हे?"

"नवल खरा," ती गुडघ्याला तेल चोळत म्हणाली. "पाणी वर इला, दोरी कमी सोडूची लागता. पायऱ्यो मात्र तेवढ्योच!"

विहिरीची पूजा करायचे ठरले. दुपारच्या नैवेद्याआधी मंडळ काठावर जमले. पंचखाद्य असणार म्हणून पास्कूही आला. ओटी भरली, नारळ ठेवला, आणि आबाने गाऱ्हाणे सुरू केले.

"बा देवा महाराजा! वाडीच्या बावी आटल्या, पण बुवांची बाव भरलंस!"

"व्हय महाराजा!"

"ही तुझी कृपा अशीच दिसांदे!"

"व्हय महाराजा!"

तोच विहिरीच्या पोटातून आवाज आला. खळ्ऽ खळ्ऽ खळ्ऽ. पाणी पाण्यात पडत होते!

"झरा!" मी ओरडलो. "झरा फुटला!"

साऱ्यांचे हात जोडले गेले. आबाच्या डोळ्यांत पाणी आले. माई मात्र काठाला धरून वाकली आणि पाणी पडते कुठून ते निरखू लागली. पहाटे ती पाणी भरी तेव्हा नळाला पाणी नसे. त्या उन्हाळ्यात ते सुटायचे दुपारी, आणि तेव्हा ती चुलीशी असे; म्हणून हा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. ती सरळ झाली आणि पास्कूकडे वळली.

"पास्कू, मेल्या, टाकीचो पायप खंय सोडलंस तू?"

"बावीत!" पास्कू म्हणाला. "बुवांनीच सांगलानी, एक थेंब वाया घालव नको म्हणान!"

खाली खळ्ऽ खळ्ऽ चालूच होते.

"आणि त्या गोळ्यात वायसर कसलो रे?" माईने विचारले.

"चामड्याचो. नळात परत घातलंय तसोच. दुसरो खंयचो असतलो?"

माईने पदर खोचला, लंगडत नारळापाशी आली आणि, आमच्या वाडीत बाईमाणसाने कधी घातले नव्हते, असे खड्या आवाजात गाऱ्हाणे घातले.

"बा देवा महाराजा! चामड्यातसून इलेला पाणी बावीत पडला, आणि ता तू रोज आंगावर घेतलंस!"

मंडळाचे हात जोडलेलेच होते. "व्हय महाराजा!"

"तुका ता चलला, तर उद्यापासून माझी कळशी नळाखालीच भरांदे!"

"व्हय महाराजा!" सारे मंडळ सवयीने एका सुरात गर्जले, आणि त्या सुराला पट्टी धरून देणारा आवाज माझाच होता!