काडीमामांच्या बरगड्या

काडीमामा उघडे बसले की त्यांच्या बरगड्या रस्त्यावरून जाणाऱ्यालाही मोजता यायच्या. मामी म्हणायची, ह्यांना वाढते ते जातं तरी कुठे, देव जाणे. जायचं ते पायांत. कल्याणात तळ्याजवळ त्यांचं घर, आणि भिक्षुकी पार शहाड-आंबिवलीपर्यंतची, सगळी पायी. गावाने त्यांना काडीभटजी करून टाकलं होतं. आम्हा भाच्यांचे ते काडीमामा.

मी मुंबईला डॉक्टरी शिकायला गेलो तेव्हा ठाण्याला आमच्या घरी सुतक आल्यासारखं झालं. प्रेतं चिरणारा मुलगा घरात घ्यायचा कसा? वडील कचेरीत कारकून. त्यांनी एका वाक्यात निकाल दिला, की शरीरशास्त्रात नापास झालास तर दुसऱ्या दिवसापासून माझ्याशेजारी बसून खर्डेघाशी करायची. परीक्षा सुट्टीनंतर होती, म्हणून सुट्टीभर मला मामांकडे धाडलं. मामांनी मला मागच्या दाराने विहिरीवर नेलं, डोक्यावर घागरीमागून घागरी ओतल्या आणि म्हणाले, "विहिरीला पाणी आहे तोवर तुझी विद्या चालू दे." असला भाचा घरात ठेवला म्हणून त्यांचे दोन-तीन यजमान तुटले. मामांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

इंग्रजीचा गंध नसताना हा गृहस्थ माझा अभ्यास घ्यायचा! मनगटातली आठ हाडं मला काही केल्या क्रमाने आठवेनात. मामांनी ती वेदशाळेच्या रीतीने क्रमपाठात बसवली. पहिलं-दुसरं, दुसरं-तिसरं, तिसरं-चौथं. स्कॅफॉइड-सेमिल्युनर, सेमिल्युनर-क्युनिफॉर्म, क्युनिफॉर्म-पिसिफॉर्म. मी डोलत म्हणायचं, त्यांनी डोळे मिटून ऐकायचं, आणि मी अडलो की मांडीवर थाप मारायची. मी एकदा वैतागून विचारलं, मामा, तुम्हाला यातलं कळतं तरी काय? म्हणाले, "अर्थ नाही कळत रे. अडखळणं कळतं."

माझ्याजवळ अभ्यासाची खरी हाडंही होती. वरच्या वर्गातल्या एकाने पास झाल्यावर मला देऊन टाकलेली. मामीला कळलं असतं तर तिने घर सोडलं असतं, म्हणून मी ती पोत्यात बांधून गोठ्याच्या माळ्यावर ठेवली होती आणि तिथेच बसून चाचपत असे. परीक्षा पंधरवड्यावर आली असताना मी वडिलांना भेटायला ठाण्याला गेलो, आणि नेमकी त्याच दिवशी मामी गोवऱ्या काढायला माळ्यावर चढली.

मी परत आलो तेव्हा मामा न्हाऊनमाखून प्रसन्न मुद्रेने ओटीवर बसले होते. "विसू, तुझ्या पाहुण्याची सोय लावली हो," म्हणाले. "बिचारा पोत्यात पडला होता. खाडीवर नेला, तीळ, दर्भ, सगळं यथासांग केलं. गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणायचं असतं, तसं म्हटलं, आणि ओहोटीला सोडला."

मी चिडून म्हणालो, कोण होता ते तरी माहीत आहे का? मुसलमान असेल, किरिस्ताव असेल. मामा शांतपणे म्हणाले, असेल की, आई तर त्यालाही होती ना. पण परीक्षेत हातात हाड देतात आणि डावं की उजवं ते विचारतात, आता मी चाचपू काय, असं मी म्हटलं तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला. माझी कारकुनी त्यांनाही समोर दिसली असावी. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

सकाळी संध्या आटोपून मामा ओटीवर आले, उपरणं बाजूला ठेवलं आणि माझ्यासमोर ताठ बसले. "घे," म्हणाले. "ही इतक्यात कुठे वाहून जात नाहीत."

मग काय विचारता! मी गेरू कालवला आणि मामांच्या अंगावर हाडं रेखायला बसलो. मांसाची अडचण मुळी नव्हतीच. पोरपणी चिंचेवरून पडल्याने त्यांच्या डाव्या हंसळीवर, म्हणजे गळ्याजवळच्या हाडावर, गाठ आली होती, तीसुद्धा मी रंगवली. मामी म्हणाली, आता शेंदूर फासा आणि देवळात नेऊन बसवा. एक यजमान मुंजीचा मुहूर्त विचारायला आला तो ओटीवरचा हा अवतार बघून आल्या पावली परत गेला. गुदगुल्या झाल्या की मामा ओठ आवळून रामरक्षा म्हणत, पण हलत नसत.

परीक्षेत साहेबाने माझ्या हातात नेमकी हंसळीच ठेवली. मी डोळे मिटले, ती मनातल्या मनात मामांच्या खांद्यावर लावून पाहिली आणि डावी म्हणून सांगितलं. मग त्याने मनगट विचारलं. मी क्रमपाठ सुरू केला आणि माझ्याही नकळत डोलायला लागलो. साहेब चष्म्यावरून बघत राहिला, आणि शपथेवर सांगतो, शेवटी तोही जरासा डोलत होता.

मी पास झालो. मामांनी घरोघर साखर वाटली. भेटेल त्याला सांगत, "आम्ही दोघं बसलो होतो परीक्षेला. दोघंही पास."

पुढे मी ठाण्यात दवाखाना घातला. मामा गेले ते पिकलं पान गळावं तसे, एका दुपारी, पडल्या पडल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून सगळं मीच केलं. तिसऱ्या दिवशी राखेतून अस्थी वेचताना बोटांना एक गाठ लागली. डावी हंसळी. ती ओळखायला मला डोळे मिटावे लागले नाहीत, आणि उघडे ठेवूनही काही दिसेना. मी पोरासारखा रडलो.

खाडीवर ओहोटी लागली होती. मामांना सोडलं, तिलांजली दिली, आणि मी पुन्हा ओंजळ भरली. काश्यप गोत्र म्हटलं. बरोबरचे भटजी गोंधळले. मामांचं गोत्र काश्यप नव्हे, ही कुणासाठी, असं त्यांनी विचारलं.

"आमच्या पाहुण्यासाठी," मी म्हटलं. "मामा आता त्याच्याकडे गेलेत."